जोडीदार अमेरिकेत, आपण इथे : व्हिसाची वाट बघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लग्न डिसेंबर २०२१ मध्ये सांगलीत झालं आणि मी न्यू जर्सीला पोचले मार्च २०२५ मध्ये. मधल्या सव्वातीन वर्षांत नवरा तीनदा येऊन गेला, सगळे मिळून अकरा आठवडे. आता ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलींचे (आणि दोन-तीन मुलांचेही) फोन येतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली. मी वकील नाही. शुल्क आणि नियम बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्याआधी आकडे सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या.

आय-१३० मंजूर झाल्याचा ईमेल आला. आता दोन-तीन महिन्यांत जाणं होईल ना?

थांबा. पेढे वाटू नका, आणि राजीनामा तर अजिबात देऊ नका.

आय-१३० म्हणजे जोडीदाराने तुमच्यासाठी अमेरिकन सरकारकडे केलेला अर्ज. तो मंजूर होणं म्हणजे 'तुमचं नवरा-बायकोचं नातं आम्ही मान्य केलं' एवढंच. व्हिसा अजून लांब असतो. मला हे समजावून सांगणारं कुणी नव्हतं आणि मीही नीट वाचलं नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आमची मंजुरी आली आणि त्याच आठवड्यात मी बँकेतल्या नोकरीचा राजीनामा दिला. शाखेत निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ आणि सगळ्यांनी वर्गणी काढून घेतलेली मोठी निळी ट्रॉली बॅग. मार्चच्या मध्यावर एप्रिलचं व्हिसा बुलेटिन (कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांना व्हिसा मिळेल ते सांगणारा दर महिन्याचा सरकारी तक्ता) आलं आणि आमच्या वर्गाची तारीख 'करंट'वरून, म्हणजे सगळ्यांना मोकळं असण्यावरून, थेट ८ सप्टेंबर २०२० वर गेली. आमचा अर्ज जानेवारी २०२२ चा, म्हणजे रांगेत मागे. ती बॅग पुढची दोन वर्षं कपाटावर पडून होती. आई तिच्यात जादाच्या गोधड्या ठेवायची, आणि पाहुणे आले की मला स्टुलावर चढून ती उतरवावी लागायची.

तेव्हा नोकरी सोडायची ती व्हिसाचा शिक्का असलेला पासपोर्ट हातात आल्यावर. इमिग्रंट व्हिसा साधारणपणे मेडिकलच्या तारखेपासून सहा महिने चालतो. एका महिन्याची काय, तीन महिन्यांची नोटीस असली तरी त्यात बसते.

'आमचा वर्ग' म्हणजे काय? सगळ्यांची रांग एकच नसते का?

नसते, आणि सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर तुम्ही 'इमीजिएट रिलेटिव्ह'. या वर्गाला वार्षिक मर्यादा नाही. जो वेळ लागतो तो फक्त फायली हलायला. जोडीदाराकडे ग्रीन कार्ड असेल तर तुम्ही एफ२ए. आमचा वर्ग हाच. या वर्गाला वर्षाला साधारण ८७,९०० व्हिसे ठरलेले आहेत, आणि त्यात जोडीदारांबरोबर ग्रीन कार्डवाल्यांची २१ वर्षांखालची अविवाहित मुलंही येतात, जगभरातली. ऑफिसातला कुणी 'माझ्या बायकोचं चौदा महिन्यांत झालं' असं सांगत असेल तर आधी विचारा, तू सिटिझन होतास की ग्रीन कार्डवर? उत्तरावरून कळेल की त्याचा हिशेब तुम्हाला लागू आहे की नाही.

एक बरी गोष्ट. नोकरीवरच्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांची जी वेगळी, कुप्रसिद्ध रांग आहे तशी एफ२ए मध्ये नाही. या वर्गातले तीन चतुर्थांश व्हिसे देशवार मर्यादेच्या बाहेर ठेवलेले आहेत. त्यामुळे बुलेटिनात भारताचा रकाना बहुतेक वेळा बाकी जगासारखाच दिसतो.

तारीख मागे कशी जाते? वेळ तर पुढेच जाते.

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. निवृत्त पोस्टमास्तर माणूस. रांगेतला नंबर मागे जातो ही कल्पनाच त्यांना पटेना.

तुमचा आय-१३० ज्या दिवशी पोचला ती तुमची प्रायॉरिटी डेट. ती कायम तुमचीच राहते, तिला कुणी हात लावत नाही. बुलेटिनात छापली जाते ती कट-ऑफ तारीख. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तरच व्हिसा देता येतो. अर्ज कमी असतील तर रकान्यात 'सी', म्हणजे करंट, येऊ द्या सगळ्यांना. एफ२ए जुलै २०१९ पासून मार्च २०२३ पर्यंत असाच करंट होता. मागणी कोट्याच्या वर जाते असं दिसलं की कट-ऑफ मागे ओढतात. अमेरिकेचं सरकारी वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, तेव्हा नवा कोटा येतो आणि तारखा हलण्याची शक्यता असते. वडिलांना मी शेवटी सांगितलं, रेशनच्या दुकानात साखर कमी आली की दुकानदार म्हणतो ना, आज फक्त पन्नासपर्यंतचे नंबर? तुमचा सत्तरावा नंबर सत्तरावाच राहतो, पण आज मिळत नाही. तेव्हा पटलं.

बुलेटिन महिन्यातून एकदाच येतं, साधारण आधीच्या महिन्याच्या मध्याच्या आसपास. रोज उघडून बघण्यात अर्थ नाही. मी बघायचे.

मंजुरीनंतरचे टप्पे कोणते?

फाइल यूएससीआयएसकडून (आय-१३० मंजूर करणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, सगळे एनव्हीसी म्हणतात. तिथे दोन शुल्कं भरायची, ३२५ आणि १२० डॉलर. मग डीएस-२६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म, जोडीदाराचं आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र, आणि दाखले अपलोड. सगळं पास झालं की 'डॉक्युमेंटरिली क्वालिफाइड', म्हणजे कागद पूर्ण. तारीख करंट असली (किंवा तुम्ही नागरिकाचे जोडीदार असलात) की मुलाखतीच्या रांगेत. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसाच्या मुलाखती मुंबईला, बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात होतात.

एक सावधगिरी. एनव्हीसीशी वर्षभर काहीच संपर्क ठेवला नाही तर केस बंद होऊ शकते. काही काम नसलं तरी वर्षातून एकदा लॉगिन करा, एखादी चौकशी पाठवा, आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

तो नागरिक झाला तर आमची फाइल पुन्हा पहिल्यापासून?

नाही. हीच आमची सुटका होती. ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली की नागरिकत्व मागता येतं, अर्ज नव्वद दिवस आधी टाकता येतो. नवऱ्याने मे २०२४ मध्ये शपथ घेतली. त्याच रात्री (माझी सकाळ) नागरिकत्वाचं प्रमाणपत्र स्कॅन करून एनव्हीसीच्या चौकशी फॉर्ममधून पाठवलं. तोच आय-१३० एफ२ए मधून इमीजिएट रिलेटिव्हमध्ये गेला. बुलेटिनाशी संबंध संपला. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलाखत.

ज्यांना मूल आहे त्यांनी मात्र हा परिच्छेद दोनदा वाचा. एफ२ए मध्ये मूल आईच्या अर्जाच्या पोटात जातं, वेगळा अर्ज लागत नाही. नागरिकाच्या जोडीदाराच्या वर्गात तसं नसतं. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. शपथ झाली, बायकोची फाइल पुढे सरकली आणि मुलाची जागेवरच राहिली, असं होतं. नागरिकत्वाचा अर्ज टाकतानाच मुलाच्या आय-१३० चा विचार करून ठेवा.

अजून लग्न ठरतंय. मुलाचं ग्रीन कार्ड यायच्या बेतात आहे. लग्न आधी करावं की नंतर?

पत्रिका, मुहूर्त, कार्यालयाची तारीख, या सगळ्याच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा आणि तोच कुणी विचारत नाही.

मुलाला नोकरीतून किंवा भावंडाच्या अर्जातून ग्रीन कार्ड मिळणार असेल आणि ते मंजूर होण्याच्या आधी लग्न झालेलं असेल, तर बायको त्याच्याच अर्जावर, त्याच्याच प्रायॉरिटी डेटवर जाऊ शकते, मागाहून गेली तरी. लग्न एक दिवस जरी नंतर झालं तरी तिची एफ२ए ची नवी रांग सुरू. शिवाय ग्रीन कार्ड झालं की त्याचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा संपतो, म्हणजे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर येण्याचीही सोय संपते. 'ग्रीन कार्ड होऊ दे, मग थाटात लग्न करू' असं म्हणणारे सासरे मी पाहिले आहेत. मुहूर्त नसेल तर नोंदणी विवाह आधी करून घ्या, थाट नंतर करता येतो. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस लागते, ते दिवस धरून चाला. इथे मात्र एक तास वकिलाला पैसे द्या. तो सगळ्यात स्वस्त पडतो.

मधल्या काळात टुरिस्ट व्हिसावर जाऊन येता येईल का?

बंदी नाही. पण व्हिजिटर व्हिसा मागणारा माणूस तिथेच राहणार असं कायद्याने गृहीत धरलं जातं, आणि तसं नाही हे पटवण्याचं काम तुमचं. तुमच्या नावाने आय-१३० पडलेला असताना हे पटवणं अवघड. मी एकदा प्रयत्न केला, दोन मिनिटांत नकार. त्यातून मूळ केसचं काही बिघडलं नाही.

बिघडतं ते खोटं बोलल्याने. डीएस-१६०, म्हणजे टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये, थेट विचारलेलं असतं की तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का. एका एजंटने मला 'नाही' लिहायला सांगितलं होतं, 'त्यांना काय कळतंय?' म्हणाला. त्यांना कळतं, अर्ज त्यांच्याकडेच असतो. असं खोटं पुढे आयुष्यभर नडू शकतं.

मग त्यानेच सहा महिने इथे येऊन राहावं?

ग्रीन कार्डवाल्याने जपून. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी लागणारा सलग वास्तव्याचा काळ तुटल्याचं धरलं जाऊ शकतं, वर्ष झालं की तुटतोच. वर्षाहून जास्त राहायचं असेल तर अमेरिकेत असतानाच री-एंट्री परमिटचा अर्ज करावा लागतो, तो दोन वर्षांपर्यंत मिळतो. पण त्याने ग्रीन कार्ड वाचतं, नागरिकत्वाचं घड्याळ नाही. माझ्या नवऱ्याचं 'वर्क फ्रॉम सांगली' करायचं फार मनात होतं. केलं असतं तर शपथ लांबली असती आणि मी अजून कपाटावरची बॅग उतरवत बसले असते. नागरिकाला ही भीती नाही, त्याने खुशाल यावं.

लवकर होण्यासाठी काहीच करता येत नाही का?

थोडं करता येतं. जिवावरचं आजारपण, मोठं आर्थिक नुकसान अशा कारणांसाठी 'एक्सपिडाइट' मागता येतं, पुराव्यासह. नुसता विरह हे कारण धरत नाहीत. फाइल खरंच कुठे अडकली असेल, म्हणजे त्यांच्याच जाहीर मुदतीपेक्षा जास्त, तर जोडीदाराने आपल्या भागाच्या अमेरिकन काँग्रेस प्रतिनिधीच्या कार्यालयाला लिहावं. तिथे हे काम करणारी माणसंच असतात, फुकट. त्यापुढे कोर्टात दावाही लावता येतो, पण कोटाच संपलेला असेल तर कोर्टही व्हिसा निर्माण करू शकत नाही.

बाकी 'आतली ओळख' सांगून लाख रुपये मागणारे. सांगलीत मला असे दोन भेटले, एक तर लग्नातल्या फोटोग्राफरच्या ओळखीचा. एनव्हीसी आहे न्यू हॅम्पशायरमध्ये. विश्रामबागेतल्या गाळ्यातून तिथे वशिला लागत नाही. परदेशगमनाचा योग बघून देणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, आईने दोघांना दाखवली होती पत्रिका. एकाने श्रावणात सांगितलं, दुसऱ्याने मार्गशीर्षात. साल कुणीच सांगितलं नाही.

कागद कोणते आत्ताच बघून ठेवू?

इथे मात्र मी रेंगाळणार, कारण वाट बघण्याच्या काळात हातात असलेलं हे एकमेव खरं काम आहे, आणि मराठी माणसाच्या नावात एक गाठ असते ती बाहेरच्यांना उकलत नाही.

आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नावही बदलतं. वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं, वर आडनाव नवं. म्हणजे तीनातली दोन नावं वेगळी. अमेरिकन बाबूच्या डोळ्यांनी बघा. जन्मदाखल्यावर एक बाई, पदवीवर दुसरी, पॅनवर तिसरी, पासपोर्टवर चौथी. यात गैर काही नाही, फक्त प्रत्येक बदलाचा धागा कागदावर दिसला पाहिजे. फॉर्ममध्ये 'अदर नेम्स' विचारतात तिथे माहेरचं पूर्ण नाव, सासरचं पूर्ण नाव, शाळेत एखादं स्पेलिंग वेगळं असेल तर तेही लिहा. माझा सल्ला विचाराल तर केस चालू असताना मध्येच पासपोर्टवरचं नाव बदलू नका. मी माहेरच्या नावानेच गेले. सासूबाईंना थोडं खुपलं, पण 'पीएफचे पैसे अडकतील' म्हटल्यावर लगेच पटलं.

जन्मदाखला आजच बाहेर काढा. माझ्या दाखल्यावर नावाच्या रकान्यात नुसतं 'मुलगी' लिहिलेलं होतं, कारण बारशाच्या आधी नोंद झाली आणि नंतर कुणी फिरकलंच नाही. आईचं नाव माहेरचं, कारण बाळंतपण आजोळी. आधी शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांची प्रतिज्ञापत्रं, मग जन्म-मृत्यू नोंदणी विभागात तीन फेऱ्या, त्यातली एक 'साहेब मीटिंगला गेलेत' म्हणून वाया. नाव चढलेला नवा दाखला हातात आला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. माझं अधिकृत बारसं ते. नोंदच सापडत नसेल तर तसं अनुपलब्धतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही.

लग्नाचा दाखला सरकारी निबंधकाचा हवा. शहरात महापालिका-नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. मंगल कार्यालयाचा किंवा देवस्थानाचा चालत नाही. मराठीतल्या प्रत्येक कागदाला प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. कुणाचा आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा पूर्ण हुकूमनामा. पीसीसी, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला, पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. तो फार आधी काढू नका, दोन वर्षांनी शिळा होतो. सोळाव्या वर्षानंतर दुसऱ्या एखाद्या देशात वर्षभर राहिला असाल तर तिथलाही लागतो, आणि तो मिळवायला वेळ जातो. नात्याचा पुरावा म्हणून लग्नपत्रिका, दोन्हीकडच्या माणसांबरोबरचे फोटो, त्याच्या येण्याजाण्याची तिकिटं, पैसे पाठवल्याच्या नोंदी. प्री-वेडिंगचे धुरातले फोटो कुणी विचारत नाही.

आणखी एक, व्हिसाशी संबंध नसलेलं. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट इथे असतानाच काढून ठेवा. माझ्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने ते राहू दिलं. आता शिवाजी विद्यापीठाच्या खिडकीसमोर तिचे सासरे उभे राहतात.

सासरी राहायचं की माहेरी?

याचं एकच उत्तर नाही. मला भेटलेल्या मुलींत सगळ्यात जास्त घुसमट होती ती या प्रश्नामुळे, व्हिसामुळे नाही. नवरा नसलेल्या सासरी सून म्हणून राहायचं, त्याच्या आईच्या हातचं खायचं आणि तो मात्र रोज व्हिडिओवर दहा मिनिटं, हे सोपं नाही. माहेरी राहिलं तर शेजारणी बोटं मोडतात. आम्ही सोमवार ते शुक्रवार माहेरी (नोकरी तिथून जवळ), सणवार आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार सासरी, मिरजेला, असं ठरवलं. हे नवऱ्याने स्वतः त्याच्या आईला सांगितलं, मी नाही. तुमच्याकडेही बोलणी त्यानेच करावी. तो तिथे बसून 'तुम्ही बघा काय ते' म्हणत असेल तर आधी त्याच्याशी भांडा.

'व्हिसा आला का?' याला काय उत्तर द्यायचं?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका संध्याकाळी मला हे नऊ जणींनी विचारलं. मी मोजलं. वाण घेताना एक, अत्तर लावताना दोन, असे. दोन वर्षांनी प्रश्नाचा सूर बदलतो. 'काही प्रॉब्लेम तर नाही ना?' म्हणजे नवऱ्याने तिकडे दुसरी केली नाही ना. त्यांना समजावत बसू नका. माझं ठरलेलं वाक्य होतं, 'नंबर लागलाय काकू, आला की पेढे घेऊन मीच येते.' आणि लगेच त्यांच्या नातवाचं विचारायचं.

घरच्यांना मात्र खरं काय ते दाखवा. सासूबाईंना मी बुलेटिनचा तक्ता एकदा समजावला, त्यानंतर त्याच दर महिन्याला फोन करून विचारायच्या, 'एफ टू ए कुठवर आलं गं?' गल्लीत कुणी खोचक बोललं की त्याच तक्ता सांगायच्या. माझं काम वाचलं.

फोनवर सारखी भांडणं होतात. आमचंच असं होतंय का?

सगळ्यांचं होतं. न्यू जर्सी आणि सांगली यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. माझे सकाळचे सात म्हणजे त्याचे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेआठ. एक जण दमलेला, एक जण घाईत. अशा वेळी 'आय-८६४ ला टॅक्सचा कागद जोडलास का?' हा प्रश्न आरोपासारखा ऐकू जातो.

आम्हाला उपयोगी पडलं ते हे : व्हिसाचं बोलणं फक्त रविवारी, अर्धा तास, समोर यादी घेऊन. इतर दिवशी तो विषय काढायचा नाही. पहिल्या आठवड्यात लक्षात आलं की मग बोलायला काही उरतच नाही. ते जरा भीतिदायक होतं. मग हळूहळू भाजी काय केली, ऑफिसात कोण काय म्हणालं, त्याच्या खालच्या मजल्यावरची गुजराती आजी, असं सुरू झालं. व्हिडिओ लावून दोघांनी गप्प आपापलं काम करणं हेही चालतं, कधीकधी तेच बरं.

सण अवघड जातात. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला आणि धोंड्याच्या महिन्यात जावई नाही म्हणून आईचा जीव खालीवर. शेवटी तिने ३३ अनारसे केले, तांब्याच्या ताम्हनात ठेवले, वर निरांजन, आणि लॅपटॉप पाटावर ठेवून जावयाला ओवाळलं. तिकडे तो अंघोळ करून, बिनबाह्यांच्या बनियनवर उपरणं घेऊन बसला होता. वडील बाजूला उभे राहून 'कीबोर्डवर तूप सांडेल' म्हणत होते. आम्ही सगळे हसलो आणि कॉल बंद झाल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले. दोन्ही खरं.

झोप उडाली, जेवण जाईना, उठावंसंच वाटेना असं आठवडे चाललं तर ते 'आठवण येते' यापलीकडचं आहे. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा सरकारी क्रमांक, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मी केला होता. पलीकडच्या बाईंनी 'कधी जाणार?' असं विचारलं नाही, याचंच मला केवढं बरं वाटलं.

मधल्या वेळात काय करू?

जे गेल्यावरही उपयोगी पडेल आणि न गेल्यास वायाही जाणार नाही ते. सहा महिने घरी बसून मी पतसंस्थेत रुजू झाले, पगार बँकेच्या निम्मा, पण सकाळी साडीला पिन लावायला कारण मिळालं. गाडी चालवायला शिका. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, वर्षभर चालतो. परिचारिका, दंतवैद्य, शिक्षिका असाल तर तिकडच्या परवान्याच्या परीक्षांची चौकशी आत्ताच करा.

खर्च किती येतो?

आय-१३० चं शुल्क आम्ही भरलं तेव्हा ५३५ डॉलर होतं. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन ६२५, कागदी ६७५. त्यावर एनव्हीसीचे ते ४४५, व्हिसा मिळाल्यावर ग्रीन कार्ड छापण्याचे २३५, मेडिकल आणि लसी वेगळ्या. हमीपत्रासाठी त्याचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या आकड्यांनुसार दोघांच्या घराला वर्षाला २६,४३७ डॉलर. कमी पडलं तर अमेरिकेत राहणारा दुसरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सह-हमीदार होऊ शकतो, पण ही सही हलकी समजू नका. ती वर्षानुवर्षं बांधून ठेवते. खरा खर्च विमानाच्या तिकिटांचा आणि दोन चुलींचा.

मुलाखतीला काय विचारतात?

मेडिकल आधी, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच. छातीच्या एक्स-रेत शंका आली तर थुंकीच्या तपासणीला आठ आठवडे लागतात, तेव्हा लगेच तिकीट काढू नका.

मी महालक्ष्मी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरले, मावशीकडे अंघोळ केली आणि दीड तास आधीच बीकेसीत पोचले. मोबाइल आत नेता येत नाही, तो मावसभावाकडे देऊन रांगेत. सव्वातीन वर्षांची फाइल छातीशी धरलेली, खिडकीपलीकडच्या बाईंनी त्यातले चारच कागद मागितले. नवरा काय करतो, लग्नाला किती माणसं होती, शेवटचा कधी आला होता. मग म्हणाल्या, 'लाँग वेट.' मी 'येस' म्हटलं. पाच मिनिटं.

एखादा कागद कमी असला तर २२१(जी) ची चिठ्ठी देतात. कागदोपत्री तो नकारच, पण बहुतेक वेळा 'हे आणून द्या' एवढाच त्याचा अर्थ असतो.

सीआर१ आणि आयआर१ यात फरक काय?

अमेरिकेत पाऊल ठेवाल त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ भरून पुन्हा सगळे पुरावे. दोन वर्षं झाली असतील तर आयआर१, सरळ दहा वर्षांचं. लग्नाचा दुसरा वाढदिवस तीन आठवड्यांवर असेल आणि व्हिसाची मुदत परवानगी देत असेल, तर मी तीन आठवडे थांबेन. इतकं थांबलात, त्यात हे काय.

गेल्यावर सगळं सुरळीत होतं ना?

होतं, पण लगेच नाही. तो तीन वर्षं एकटा राहिलेला. घरात एकच कढई, दोन ताटं, आणि चमचे कुठल्या खणात हे मला विचारावं लागायचं. मी पहाटे तीनला टक्क जागी. सांगलीत तेव्हा दुपार असायची, आईला फोन लावायचे. आणि पहिले आठ-दहा दिवस आम्ही एकाच स्वयंपाकघरात उभे राहून एकमेकांशी मोठ्याने बोलत होतो, शब्द तोडून तोडून, मध्ये थांबत, पलीकडे आवाज पोचतोय ना याचा अंदाज घेत. एकदा मी चहा गाळत होते आणि तो माझ्यापासून दोन हातांवरून म्हणाला, 'ऐकू येतंय का?'